विद्युत मोटरींचे शीतकरण : योग्य पद्धतीची निवड कशी करावी?

कारखान्यातील किंवा शेतावरील मोटर जळाली, की दोष प्रथम विजेच्या दाबाला आणि नंतर मोटरीच्या निर्मात्याला दिला जातो. प्रत्यक्षात अनेक वेळा मोटर जळते, ती तिच्यात निर्माण झालेली उष्णता वेळेवर बाहेर न पडल्यामुळे. मोटर खरेदी करताना अश्वशक्ती, वेग आणि किंमत या तीन गोष्टी आवर्जून पाहिल्या जातात. ती थंड कशी राहणार, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. पहिल्या कडक उन्हाळ्यात मोटर रिवाइंडिंगसाठी पाठवावी लागते, तेव्हाच तो प्रश्न पुढे येतो.

जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेपैकी ४० टक्क्यांहून अधिक वीज मोटरींवर चालणाऱ्या यंत्रणांमध्ये खर्च होते. त्यामुळे शीतकरणाचा विषय केवळ अभियंत्यांपुरता मर्यादित राहत नाही. यंत्रमाग चालविणारा लघुउद्योजक, विंधन विहिरीवर पंप बसविणारा शेतकरी आणि पाणीपुरवठा योजना सांभाळणारी नगरपालिका या सर्वांशी त्याचा थेट संबंध येतो.

उष्णता कोठून येते?

मोटरीला दिलेली सर्व वीज यांत्रिक शक्तीत रूपांतरित होत नाही. तांब्याच्या वेढ्यांतून प्रवाह वाहताना उष्णता निर्माण होते. लोखंडी गाभ्यात चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असल्याने तेथेही काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. बेअरिंगमधील घर्षण आणि फिरणाऱ्या भागांना होणारा हवेचा विरोध यांची त्यात भर पडते.

यांपैकी तांब्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच प्रवाह १० टक्क्यांनी वाढला, तर ही उष्णता सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. विजेचा दाब कमी असताना तेवढाच भार ओढण्यासाठी मोटर अधिक प्रवाह घेते. कमी दाबाच्या वेळी मोटरी का तापतात, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

एक उदाहरण पाहता येईल. आयई ३ या कार्यक्षमता वर्गातील ७.५ किलोवॅटच्या, म्हणजे सुमारे १० अश्वशक्तीच्या, चार ध्रुवांच्या मोटरीची कार्यक्षमता ९०.४ टक्के असावी लागते. पूर्ण भारावर अशी मोटर सुमारे ८.३ किलोवॅट वीज घेते आणि त्यातील सुमारे ०.८ किलोवॅट उष्णतेत जाते. घरातील कपड्यांची इस्त्री मोटरीच्या पोटात अखंड चालू ठेवावी, तसाच हा प्रकार होय. ही उष्णता बाहेर नेण्याची व्यवस्था नसेल, तर मोटरीचे तापमान वाढतच राहील.

उष्णता कमी निर्माण होऊ देणे हाही शीतकरणाचाच एक मार्ग आहे. १५ किलोवॅटच्या चार ध्रुवांच्या मोटरीची किमान कार्यक्षमता आयई १ वर्गात ८८.७ टक्के, तर आयई ३ वर्गात ९२.१ टक्के आहे. हा फरक वरकरणी लहान वाटतो. मात्र पूर्ण भारावर पहिल्या मोटरीत सुमारे १.९ किलोवॅट, तर दुसरीत सुमारे १.३ किलोवॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे बाहेर काढावयाची उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने घटते आणि विजेचे देयकही कमी होते.

दहा अंशांचे मोल

उष्णतेचा सर्वाधिक फटका बसतो तो वेढ्यांवरील विद्युतरोधक आवरणाला, म्हणजे इन्सुलेशनला. इन्सुलेशनचे वर्ग त्याच्या सहनशक्तीनुसार ठरविण्यात आले आहेत. बी वर्गासाठी ही मर्यादा १३० अंश सेल्सिअस, एफ वर्गासाठी १५५ अंश, तर एच वर्गासाठी १८० अंश आहे. मर्यादा ओलांडताच मोटर जळते, असे नाही. परंतु इन्सुलेशन झपाट्याने ठिसूळ होऊ लागते. तापमान दर १० अंशांनी वाढले, की इन्सुलेशनचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, हा ठोकताळा अभियांत्रिकीत १९३०च्या सुमारापासून प्रचलित आहे. वीस वर्षे टिकावयाची मोटर वीस अंश अधिक तापमानावर चालविली, तर ती पाच वर्षांतच निकामी होऊ शकते.

मोटरीच्या नामपट्टीवरील शक्ती दोन गृहीतकांवर आधारलेली असते. सभोवतालचे तापमान ४० अंशांपर्यंत आणि समुद्रसपाटीपासूनची उंची १००० मीटरपर्यंत, ही ती गृहीतके होत. एफ वर्गाच्या मोटरीत वेढ्यांच्या सरासरी तापमानात १०५ अंशांची वाढ अनुज्ञेय असते आणि सर्वांत उष्ण बिंदूसाठी आणखी १० अंशांची मुभा धरतात. ४०, १०५ आणि १० यांची बेरीज १५५ होते.

भारतासारख्या देशात ही दोन्ही गृहीतके अनेक ठिकाणी लागू पडत नाहीत. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली होती. तेथे हीच बेरीज १६६ होते, म्हणजे मर्यादेपेक्षा ११ अंश अधिक. मात्र इन्सुलेशन एफ वर्गाचे ठेवून तापमानवाढ बी वर्गाच्या मर्यादेत, म्हणजे ८० अंशांपर्यंत राखली, तर बेरीज १४१ होते आणि १४ अंशांचे अंतर शिल्लक राहते. त्यामुळे उष्ण प्रदेशासाठी मोटर घेताना ‘इन्सुलेशन एफ, तापमानवाढ बी’ अशी अट घालणे हिताचे ठरते. विदर्भातील उन्हाळ्यालाही हेच लागू पडते.

दुसऱ्या टोकाला लेह आहे. सुमारे ३५०० मीटर उंचीवरील या शहरात हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असते. पंखा तेवढ्याच वेगाने फिरला, तरी तो उष्णता कमी वाहून नेतो. प्रमाणित नियमानुसार १००० मीटरनंतरच्या प्रत्येक १०० मीटरसाठी तापमानवाढीच्या मर्यादेचा सुमारे एक टक्का वजा धरावा लागतो. लेहसाठी हा आकडा एफ वर्गात सुमारे २६ अंश होतो. याचा अर्थ सभोवतालचे तापमान १४ अंशांच्या आत असेल, तरच मोटर पूर्ण भाराने चालविता येते. उन्हाळ्यातील दुपारी लेहचे तापमान त्याहून अधिक असते. म्हणूनच थंड प्रदेश आहे, मोटर तापणार नाही, असे मानणे चुकीचे ठरते.

सांकेतिक क्रमांकांचा अर्थ

शीतकरणाच्या पद्धतींना आंतरराष्ट्रीय स्तरावर आयसी या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक देण्यात आले आहेत. भारतीय मानक आयएस ६३६२ मध्येही हीच पद्धत स्वीकारली आहे. नामपट्टीवर किंवा माहितीपत्रकात हा क्रमांक आढळतो. त्यातील पहिला अंक शीतकरणाच्या मार्गाची रचना सांगतो. पुढील अंकांवरून आतील आणि बाहेरील शीतकारक माध्यम कशाच्या साहाय्याने फिरते, हे कळते. माध्यम हवा असेल, तर सहसा वेगळे अक्षर लिहिले जात नाही. पाण्यासाठी डब्ल्यू आणि हायड्रोजनसाठी एच हे अक्षर वापरतात.

व्यवहारात पुढील पद्धती प्रामुख्याने आढळतात.

खुली मोटर (आयसी ०१) : बाहेरची हवा थेट मोटरीच्या आत शिरते, वेढ्यांवरून वाहते आणि बाहेर पडते. उष्णता उत्तम रीतीने निघते. मोटर आकाराने लहान आणि स्वस्त पडते. परंतु हवेबरोबर धूळ, ओलावा आणि तंतूही आत जातात. स्वच्छ, कोरड्या यंत्रगृहापुरतीच ही पद्धत योग्य होय. कापडगिरणी, सिमेंट कारखाना किंवा कोळसा हाताळणी केंद्रात ती टाळावी.

बंद, पंख्याने थंड होणारी मोटर (आयसी ४११) : उद्योगांत सर्वाधिक आढळणारा हा प्रकार. मोटर पूर्णपणे बंद असते. मागील टोकाला मोटरीच्याच दंडावर बसविलेला पंखा बाह्यांगावरील फिन्सवरून हवा ढकलतो. देखभाल कमी लागते आणि धुळीपासून संरक्षण मिळते. काही शे किलोवॅटपर्यंतच्या, एकाच वेगाने चालणाऱ्या मोटरींसाठी ही पद्धत पुरेशी असते.

पंखाविरहित बंद मोटर (आयसी ४१०) : येथे बाह्यांग सभोवतालच्या हवेत आपोआप थंड होते. लहान मोटरी किंवा थोडाच वेळ चालणारी यंत्रे यांसाठी ती उपयुक्त आहे. आयसी ४१८ या प्रकारात मोटर दुसऱ्या यंत्राच्या हवेच्या झोतात बसविलेली असते. कूलिंग टॉवरमधील पंख्याची मोटर हे त्याचे उदाहरण होय.

स्वतंत्र पंख्याची मोटर (आयसी ४१६) : शीतकरणाच्या पंख्याला वेगळी छोटी मोटर असते. मुख्य मोटर कितीही सावकाश फिरली, तरी हवेचा प्रवाह कायम राहतो.

उष्णता विनिमयक असलेली मोटर (आयसी ६११ आणि आयसी ८१डब्ल्यू) : मोठ्या मोटरींत आतील हवा बंद मार्गात फिरते आणि मोटरीवर बसविलेल्या विनिमयकात आपली उष्णता सोडते. आयसी ६११ मध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला, तर आयसी ८१डब्ल्यूमध्ये पाण्याला दिली जाते.

जलवेष्टित मोटर (आयसी ७१डब्ल्यू) : बाह्यांगाच्या दुहेरी भिंतीतून पाणी खेळविले जाते. पंखा नसल्याने आवाज कमी होतो आणि खोलीही तापत नाही. जहाजांवर किंवा अरुंद जागेत ही पद्धत सोयीची ठरते.

हवा की पाणी?

तेवढ्याच घनफळाचे पाणी हवेच्या तुलनेत सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. २५० किलोवॅटच्या आणि ९६ टक्के कार्यक्षमतेच्या मोटरीतून सुमारे १०.४ किलोवॅट उष्णता बाहेर काढावी लागते. पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढू दिले, तर मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी पुरते. हेच काम हवेकडून करून घ्यावयाचे आणि तिचे तापमान २० अंशांनी वाढू द्यायचे म्हटले, तरी मिनिटाला सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर हवा लागते.

या आकड्यांवरून पाणीच श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. पाण्यासाठी पंप, नळ, गाळणी आणि कूलिंग टॉवर लागतो. पाणी जड असेल, तर क्षारांचा थर साचून मार्ग अरुंद होतो. गळती झाल्यास पाणी वेढ्यांपर्यंत पोहोचण्याचा धोका असल्याने गळतीची सूचना देणारे उपकरण आवश्यक ठरते. ज्या भागात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागते, तेथे मोटरीसाठी पाण्याचा बारमाही भरवसा धरता येत नाही. याउलट, बंद खोलीत अनेक मोठ्या मोटरी हवेवर चालविल्यास ती सर्व उष्णता खोलीतच सोडली जाते आणि मोटरी एकमेकींची गरम हवा पुन्हा ओढू लागतात. अशा ठिकाणी पाण्यावरील खर्च योग्य ठरतो.

वेग बदलणाऱ्या मोटरी

वीज वाचविण्यासाठी आज अनेक ठिकाणी मोटरीचा वेग बदलणारे ड्राइव्ह बसविले जातात. शीतकरणाच्या निवडीत सर्वाधिक चुका होतात त्या येथेच. मोटरीच्या दंडावरील पंख्याचा वेग निम्मा झाला, की हवेचा प्रवाह निम्मा होतो आणि दाब एक चतुर्थांशावर येतो. उष्णताही त्याच प्रमाणात घटते का, हे भाराच्या स्वरूपावर अवलंबून असते.

केंद्रोत्सारी पंप किंवा पंखा निम्म्या वेगाने चालविला, तर त्यासाठी लागणारे आघूर्ण, म्हणजे टॉर्क, सुमारे एक चतुर्थांश होते. प्रवाह कमी होतो आणि उष्णताही कमी होते. अशा भारासाठी नेहमीची आयसी ४११ मोटर बहुधा पुरेशी ठरते. परंतु वाहक पट्टा, क्रेन किंवा प्लॅस्टिकचे एक्स्ट्रूडर यांना कमी वेगातही तेवढेच टॉर्क लागते. प्रवाह जवळपास पूर्ण राहतो, तांब्यातील उष्णता तेवढीच राहते आणि पंखा मात्र मंदावलेला असतो. अशी यंत्रे दीर्घकाळ कमी वेगाने चालवावयाची असतील, तर आयसी ४१६ पद्धतीचा स्वतंत्र पंखा घ्यावा किंवा अधिक शक्तीची मोटर निवडावी. स्वतंत्र पंखा बंद पडल्यास मुख्य मोटरही थांबेल, अशी जोडणी करणे तितकेच आवश्यक आहे.

बोर घाटातील धडा

हाच नियम रेल्वेच्या इंजिनांत मोठ्या प्रमाणावर दिसतो. कर्जत ते लोणावळा या बोर घाटाच्या मार्गावर चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. जड गाडी घाट चढत असताना इंजिनाचा वेग कमी असतो, तर त्याच्या कर्षण मोटरींतून मोठा प्रवाह वाहत असतो. म्हणजे उष्णता सर्वाधिक आणि मोटरीची स्वतःची फिरण्याची गती कमी, असा दुहेरी पेच निर्माण होतो. शीतकरणाचा पंखा मोटरीच्याच दंडावर असता, तर गरजेच्या वेळी तो सर्वांत दुबळा ठरला असता. त्यामुळे विद्युत इंजिनांत कर्षण मोटरींसाठी स्वतंत्र ब्लोअर बसविलेले असतात. गाडीचा वेग कितीही असला, तरी ते आपल्या गतीने हवा पुरवीत राहतात.

विद्युत मोटारगाड्यांत जागा कमी आणि शक्ती अधिक असल्याने बाह्यांगातून पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरविण्याची पद्धत सर्वत्र आढळते. काही वाहनांत वेढ्यांवर थेट तेलाचा फवारा सोडला जातो. कमी शक्तीच्या अनेक दुचाकींत मात्र धावताना लागणाऱ्या वाऱ्यावरच मोटर थंड होते. वीजनिर्मिती केंद्रांतील मोठ्या जनित्रांत हायड्रोजन वापरतात. हवेच्या तुलनेत त्याची उष्णतावाहकता सुमारे सात पट आणि घनता सुमारे एक चौदांश असते. हवेत मिसळल्यास तो स्फोटक ठरत असल्याने त्याची शुद्धता सतत तपासावी लागते.

विहिरीतील मोटर

पाणबुडी पंपाची मोटर विहिरीतील पाण्यानेच थंड होते. मोटर तळाशी आणि पंप तिच्यावर असतो. पंपाकडे खेचले जाणारे पाणी मोटरीच्या अंगावरून वाहत जाते. हा प्रवाहच तिचा पंखा होय. विंधन विहिरीत मोटर आणि नळी यांच्यातील जागा अरुंद असल्याने पाण्याला पुरेसा वेग मिळतो. तीच मोटर रुंद विहिरीत किंवा टाकीत सोडली, तर पाणी वरच्या बाजूने सरळ पंपात शिरते आणि मोटरीभोवतीचे पाणी जवळपास स्थिर राहते. अशा ठिकाणी मोटरीभोवती दोन्ही टोकांच्या योग्य बांधणीचे नळीसारखे आवरण बसवावे किंवा खुल्या विहिरीसाठीच बनविलेला संच घ्यावा.

उन्हाळ्यात भूजल पातळी खाली गेली, की दुसरे संकट उभे राहते. पंप कोरडा चालू लागतो, मोटरीभोवतीचा प्रवाह थांबतो आणि थोड्याच वेळात वेढे जळतात. कृषिपंपाला रात्रीच्या पाळीत वीज मिळत असेल, तर मोटरीपाशी कोणी उपस्थित नसते. कोरडा पंप आपोआप बंद करणारे उपकरण रिवाइंडिंगच्या खर्चाच्या तुलनेत स्वस्त पडते. पाणी भरलेल्या प्रकारच्या मोटरीत विहिरीत सोडण्यापूर्वी स्वच्छ पाणी पूर्ण भरले आहे का, हेही पाहणे आवश्यक आहे. कारण वेढ्यांची उष्णता बाह्यांगापर्यंत हेच पाणी पोहोचविते.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

योग्य पद्धत निवडण्यासाठी काही प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढणे उपयुक्त ठरते. मोटर अखंड चालणार आहे, की थांबून थांबून? तासाला किती वेळा ती सुरू होणार? वेग बदलणार असेल, तर किमान वेग किती आणि त्या वेगाला टॉर्क किती? जागेचे कमाल तापमान व उंची किती? हवेत धूळ, तंतू, ओलावा किंवा ज्वालाग्राही वायू आहेत का? स्वच्छ पाणी वर्षभर मिळेल का? मोटरीच्या मागे हवा ओढण्यास पुरेशी मोकळी जागा आहे का? या उत्तरांसह मागणी नोंदविल्यास निर्मात्याला योग्य आयसी क्रमांक सुचविता येतो. केवळ ‘१० अश्वशक्तीची मोटर’ अशी मागणी केल्यास बाजारात जी सहज उपलब्ध असते, तीच मिळते.

संरक्षण आणि देखभाल

अनेकांचा समज असा असतो, की ओव्हरलोड रिले बसविला म्हणजे मोटर सुरक्षित झाली. हा रिले फक्त प्रवाह मोजतो. पंख्याची जाळी तंतूंनी बुजली किंवा पंख्याचे पाते तुटले, तर प्रवाहात फारसा फरक पडत नाही, परंतु वेढे तापत राहतात. रिलेला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी वेढ्यांतच बसविलेले थर्मिस्टर किंवा तापमानमापक संवेदक हवेत. महत्त्वाच्या मोटरींसाठी ते खरेदीच्या वेळीच मागून घ्यावेत. नंतर ते बसविण्यासाठी मोटर उघडावी लागते.

भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव किंवा सुरत यांसारख्या वस्त्रोद्योगाच्या केंद्रांत कापसाचे तंतू फिन्सच्या खाचांत आणि पंख्याच्या जाळीवर साचतात. सिमेंट व साखर कारखान्यांत हेच काम धूळ आणि बगॅस करतात. दर आठवड्याला कोरड्या ब्रशने केलेली सफाई पुरेशी असते. फिन्सवर रंगाचे थरावर थर देऊ नयेत. पंख्याचे झाकण काढून ठेवल्यास हवा मोकळी मिळते, हा समजही चुकीचा आहे. त्या झाकणामुळेच हवेला फिन्सच्या दिशेने वळण मिळते. ते नसेल, तर हवा बाजूला विखुरते आणि फिरत्या पंख्याने कामगाराला इजा होण्याचाही धोका राहतो. तापलेल्या मोटरीवर पाणी ओतणे किंवा ओले गोणपाट टाकणे तर पूर्णपणे टाळावे.

कोकण, गोवा आणि इतर किनारी भागांत पावसाळ्यात बंद ठेवलेल्या मोटरीत दव साचून इन्सुलेशन कमजोर होते. मोठ्या मोटरींत त्यासाठी छोटे तापक बसविण्याची सोय असते आणि मोटर बंद असतानाच ते चालू ठेवावयाचे असतात. दीर्घकाळ बंद असलेली मोटर सुरू करण्यापूर्वी मेगरने इन्सुलेशनची तपासणी करून घ्यावी.